विरळ हवेला घाई चालत नाही

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला, की शहरातील अनेक कुटुंबांचे डोळे हिमालयाकडे लागतात. कोणाला लेह-लडाख खुणावते, कोणी केदारनाथाच्या दर्शनाचा बेत आखतो, तर उन्हाळा सरता सरता अमरनाथची वाट धरणारेही कमी नसतात. विमानसेवेने हा प्रवास कमालीचा सुलभ केला आहे. आदल्या रात्री दिल्ली गाठायची आणि सकाळच्या विमानाने लेहला उतरायचे, हा आता मध्यमवर्गीय सहलीचा रुळलेला क्रम झाला आहे. मात्र या सुलभतेत एक धोका दडलेला आहे. नागपूरचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटर उंचीवर आहे, तर लेहचे विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर. प्रवाशाचे शरीर अवघ्या एका दिवसात जवळपास तीन हजार मीटर वर जाते आणि याची पूर्वसूचना त्याला कोणी दिलेली नसते.

याच विदर्भातील एक उदाहरण या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी जगातील सर्वोच्च शिखर एव्हरेस्ट सर केले. 'मिशन शौर्य' या उपक्रमातून मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम यांनी हा पराक्रम केला. त्यांचे प्रशिक्षण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले होते. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख असे टप्पे घेत ते पुढे सरकले. रानावनात वाढलेल्या, काटक आणि कोवळ्या वयाच्या या मुलांनाही शिखरावर पाऊल ठेवण्यापूर्वी सुमारे नऊ महिने तयारी करावी लागली. शहरातील पर्यटक मात्र लेहला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी खारदुंग-ला खिंडीत छायाचित्र काढण्याचा हट्ट धरतो. उंचीवरील बहुतेक आजारांचे मूळ या घाईत आहे.

प्राणवायू कमी होतो, म्हणजे काय?

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे सर्रास म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या हे पूर्णपणे खरे नाही. सीताबर्डीच्या हवेत प्राणवायू जितका, म्हणजे सुमारे २१ टक्के, तितकाच तो एव्हरेस्टच्या माथ्यावरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावरील वातावरणाचा थर उंचीबरोबर पातळ होत जातो. दाब घटला की हवा विरळ होते आणि एका श्वासात फुफ्फुसांत शिरणाऱ्या प्राणवायूचे कण घटतात.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो. लेह शहराच्या उंचीवर तो सुमारे दोन तृतीयांश उरतो. ५,३५९ मीटर उंचीवरील खारदुंग-ला येथे तो जेमतेम निम्मा असतो, तर ८,८४८ मीटरहून उंच असलेल्या एव्हरेस्टच्या माथ्यावर एक तृतीयांश. थोडक्यात, लेहमध्ये घेतलेल्या तीन श्वासांत जितका प्राणवायू मिळतो, तितका समुद्रकिनारी दोनच श्वासांत मिळतो.

ही बाब १९ व्या शतकात फ्रान्समधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बर्ट यांनी प्रयोगांनी सिद्ध केली. त्याच काळात, १८७५ मध्ये, 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या वर गेले. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या. मात्र त्यांचा पुरेसा वापर करण्यापूर्वीच त्यांची शुद्ध हरपली. तिघांपैकी एकच जिवंत परतला. प्राणवायूची उणीव माणसाला सावध करीत नाही, उलट त्याची विचारशक्तीच आधी काढून घेते, हा या दुर्घटनेचा धडा आजही तितकाच लागू आहे.

वैद्यकशास्त्र साधारणतः १,५०० ते ३,५०० मीटर या पट्ट्याला 'उंच', ३,५०० ते ५,५०० मीटरला 'अति उंच' आणि त्यापलीकडील प्रदेशाला 'अत्युच्च' मानते. सुमारे ५,५०० मीटरच्या वर माणसाची कायमची वस्ती जगात कोठेही नाही. उंचीचे आजार प्रामुख्याने २,५०० मीटरच्या पुढे दिसू लागतात. विदर्भाचे नंदनवन म्हणून ओळखले जाणारे चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाईदेखील १,६४६ मीटरचेच आहे. याचा अर्थ असा, की राज्यात कितीही डोंगर पालथे घातले, तरी या आजाराची गाठ पडण्याइतकी उंची येथे मिळतच नाही. 'आम्हाला डोंगराची सवय आहे' हा आत्मविश्वास त्यामुळे हिमालयात फारसा उपयोगी पडत नाही.

शरीराची धडपड

विरळ हवेत पोहोचताच शरीर स्वस्थ बसत नाही. मानेतील मुख्य रक्तवाहिन्यांजवळ प्राणवायूची पातळी टिपणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. रक्तातील प्राणवायू घटल्याचे लक्षात येताच त्या मेंदूला इशारा देतात आणि श्वास वेगाने व खोल होऊ लागतो. हृदयाचे ठोकेही वाढतात. मिळेल तितका प्राणवायू अवयवांपर्यंत लवकर पोहोचविण्याची ही धडपड असते.

मात्र या उपायातून नवीच अडचण उभी राहते. श्वास वाढला, की शरीरातील कार्बन डायऑक्साइड वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्तातील आम्लाचा तोल बिघडतो. तो बिघडताच मेंदू श्वासाचा वेग पुन्हा रोखू पाहतो. पहिल्या काही रात्री झोपेत श्वास मध्येच काही क्षण थांबणे आणि माणूस दचकून जागा होणे, हा याच ओढाताणीचा परिणाम होय. हा तोल सावरण्याचे काम मूत्रपिंडांकडे येते. ती अतिरिक्त क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात. उंचावर पोहोचल्यावर लघवीला वारंवार जावे लागते, ते यामुळे. हे काम काही तासांत होण्यासारखे नसते; त्याला काही दिवस लागतात.

तिसरी तयारी रक्तात होते. मूत्रपिंडांतून 'एरिथ्रोपोएटिन' हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते आणि अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढविण्याचा आदेश मिळतो. संप्रेरक काही तासांतच वाढते, पण पेशींची नवी फळी उभी राहण्यास काही आठवडे लागतात. दरम्यान रक्तातील पाण्याचा अंश घटल्याने रक्त काहीसे दाट होते. या सर्व बदलांच्या एकत्रित प्रक्रियेला उंचीशी जुळवून घेणे, अर्थात अनुकूलन म्हणतात. श्वास काही मिनिटांत बदलतो, मूत्रपिंडे काही दिवस घेतात आणि रक्त काही आठवडे घेते. चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्याने वर का न्यावे लागले, याचे एक महत्त्वाचे कारण या वेळापत्रकात आहे.

तीन आजार, तीन पायऱ्या

हे वेळापत्रक न पाळता माणूस वर गेला, तर तीन प्रकारचे आजार संभवतात.

पहिला आणि सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे तीव्र पर्वतीय आजार. उंचावर पोहोचल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांत डोके दुखू लागते. त्यासोबत मळमळ, अन्नावरील वासना जाणे, थकवा, चक्कर अशी लक्षणे दिसतात. आदल्या रात्री मद्यपान केल्यावर सकाळी जसे वाटते, तशी ही अवस्था असते. जागेवर थांबून विश्रांती घेतली, तर बहुतेकांचा हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. अडचण अशी, की सहलीतील माणूस या डोकेदुखीचे खापर प्रवासावर, उन्हावर किंवा अपचनावर फोडतो आणि ठरलेल्या कार्यक्रमाप्रमाणे आणखी वर जातो.

दुसरा आजार फुफ्फुसांत पाणी साचण्याचा. प्राणवायू कमी पडला, की फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यांतील दाब वाढून रक्तातील द्रव हवेच्या पिशव्यांत झिरपू लागतो. हा आजार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी डोके वर काढतो. स्वस्थ बसले असतानाही धाप लागणे, कोरडा खोकला, छातीत घरघर, ओठ व नखे निळसर पडणे आणि शेवटी गुलाबी फेसाळ थुंकी ही त्याची लक्षणे होत. उंचीवरील आजारांत सर्वाधिक मृत्यू या विकाराने होतात.

तिसरा आजार मेंदूला सूज येण्याचा. रुग्णाचा तोल जाऊ लागतो, बोलणे असंबद्ध होते, ग्लानी येते आणि उपचार न झाल्यास तो बेशुद्धावस्थेत जातो. हा आजार ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवीत सरळ रेषेत चालावयास सांगावे. ज्याला ते जमत नाही, त्याला सकाळची वाट न पाहता खाली उतरविणे आवश्यक असते.

लष्कराने गिरविलेला धडा

या विषयातील जगाच्या ज्ञानात भारतीय लष्करी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात हजारो जवानांना मैदानी प्रदेशातून अल्पावधीत हिमालयात हलवावे लागले. अनेक जवान शत्रूची गोळी न लागताच आजारी पडू लागले. लष्करी डॉक्टर इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास केला. तो १९६९ मध्ये अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि आजही या शाखेतील पायाभूत संशोधनांत गणला जातो.

त्या अनुभवातून लष्कराने उंचीशी जुळवून घेण्याचे शिस्तबद्ध वेळापत्रक आखले. ९ हजार ते १२ हजार फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस, १२ ते १५ हजार फुटांच्या पट्ट्यात चार दिवस आणि त्यावर आणखी चार दिवस, असा हा चौदा दिवसांचा क्रम आहे. पहिले दोन दिवस तर जवळपास संपूर्ण विश्रांतीचे असतात. रजेवर गावी येऊन परतणाऱ्या जवानालाही उंचीशी पुन्हा नव्याने जुळवून घ्यावे लागते, कारण खाली राहिले, की मिळविलेले अनुकूलन काही दिवसांत ओसरू लागते. गेल्या वर्षी लेहमध्ये काहीच त्रास झाला नव्हता, हा पर्यटकांचा युक्तिवाद त्यामुळे फसवा ठरतो.

तंदुरुस्ती म्हणजे कवच नव्हे

रोज सकाळी फुटाळा तलावावर पाच किलोमीटर धावणाऱ्या तरुणाला उंचीचा त्रास होणार नाही, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तंदुरुस्ती आणि उंची सोसण्याची क्षमता यांचा थेट संबंध नाही. उलट, सुदृढ तरुणाला दम लवकर लागत नसल्याने तो पहिल्याच दिवशी अधिक श्रम करतो, अधिक वेगाने वर चढतो आणि संकट ओढवून घेतो. कोणाला त्रास होईल, हे सपाटीवरील तपासणीतून खात्रीने सांगता येत नाही. यापूर्वी उंचावर झालेला त्रास हाच त्यातल्या त्यात विश्वासार्ह संकेत मानला जातो.

अर्थात हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, फुफ्फुसांचे जुने विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा प्रवास करू नये. यात्रेकरूंच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटर उंचीवर आहे. पहलगाम मार्गावरील महागुणस टॉप त्याहूनही उंच, सुमारे ४,२७६ मीटरवर आहे. बालटाल मार्गाने जाणारा यात्रेकरू तर एकाच दिवसात अकराशे मीटरहून अधिक चढतो. यात्रेसाठी आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे करण्यामागे हेच कारण आहे. ओळखीच्या डॉक्टरकडून तपासणीविना सही आणण्याची सवय येथे जिवाशी खेळ ठरू शकते. केदारनाथ मंदिरही ३,५८३ मीटरवर आहे. हेलिकॉप्टरने जाणाऱ्या वृद्ध भाविकांचे पायी चढण्याचे कष्ट वाचतात. पण शरीराला जुळवून घेण्यास मिळणारा वेळही त्याबरोबर वाया जातो.

विदर्भासाठी सिकलसेलचा इशारा

विदर्भातील प्रवाशांना एक बाब इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी लागेल, ती म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील या आनुवंशिक दोषाची नोंद करणारा शुक्ला आणि सोळंकी यांचा शोधनिबंध १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला होता. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या समाजांत, त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. या दोषात प्राणवायू कमी पडला, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. विरळ हवा नेमकी हीच परिस्थिती निर्माण करते.

सिकलसेलग्रस्त रुग्णाने तज्ज्ञांच्या सल्ल्याविना उंचावर जाऊच नये. अधिक फसवी स्थिती आहे ती वाहकांची. वाहक व्यक्तीत आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेले एकच सदोष जनुक असते. ती सपाटीवर पूर्णपणे निरोगी असते आणि अनेकदा तिला स्वतःला याची कल्पनाही नसते. अशा काही व्यक्तींमध्ये उंचावर प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक तीव्र वेदना आणि उलट्या, हे त्याचे लक्षण. डॉक्टरांना आपण वाहक असल्याचे सांगितले, तर निदान तत्काळ होते. न सांगितल्यास पोटदुखी समजून वेळ जातो. सिकलसेलची रक्तचाचणी शासकीय रुग्णालयांत उपलब्ध आहे. विदर्भातून हिमालयात जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

ऑक्सिमीटर, कापूर आणि डबा

२०२१ मधील कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचविला आणि '९५ च्या खाली गेले, की धोका' हे समीकरण मनात रुजविले. लेहमध्ये तोच आकडा ८५ ते ९० च्या दरम्यान दिसला, तरी त्या उंचीवर नव्याने आलेल्या माणसासाठी तो अनपेक्षित नसतो. केवळ आकड्याने घाबरून जाऊ नये आणि केवळ आकड्यावर विसंबूनही राहू नये. सहप्रवाशांच्या तुलनेत एकाचाच आकडा फार खाली असेल आणि सोबत लक्षणेही असतील, तर मात्र ती धोक्याची सूचना समजावी.

खिशात कापराची पुरचुंडी ठेवून ती हुंगण्याची पद्धत यात्रेकरूंमध्ये रूढ आहे. त्या उग्र वासाने क्षणभर मोकळे वाटते; रक्तातील प्राणवायू मात्र त्याने वाढत नाही. प्राणवायूचा छोटा डबाही काही मिनिटांत संपतो. रुग्णाला खाली नेईपर्यंतचा तो तात्पुरता आधार आहे. त्याच्या भरवशावर आणखी वर चढणे ही गंभीर चूक होय.

'ॲसिटाझोलामाइड' हे औषध मात्र उपयुक्त सिद्ध झाले आहे. ते मूत्रपिंडांच्या कामाला गती देऊन अनुकूलन लवकर घडवून आणते. साधारणतः चढाईच्या आदल्या दिवसापासून ते दिले जाते. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ते त्रासदायक ठरू शकते, त्यामुळे शेजाऱ्याने घेतले म्हणून आपणही घेणे योग्य नव्हे. मेंदूच्या सुजेवर 'डेक्सामेथासोन' आणि फुफ्फुसांच्या विकारात 'निफेडिपिन' ही औषधे डॉक्टर वापरतात. मात्र या सर्वांहून प्रभावी उपचार एकच, तो म्हणजे खाली उतरणे. तीनशे ते हजार मीटर खाली आणल्यावर बहुतेक रुग्णांच्या प्रकृतीत सुधारणा दिसू लागते.

प्रवासाला निघताना

• विमानाने लेहला गेल्यास पहिले ४८ तास विश्रांतीसाठी राखून ठेवावेत. पॅंगाँग, नुब्रा किंवा खारदुंग-लाचा बेत तिसऱ्या दिवसानंतरच आखावा.

• वेळ असल्यास श्रीनगर, कारगिलमार्गे रस्त्याने जावे. कारगिल सुमारे २,६७६ मीटरवर असल्याने तेथील मुक्काम शरीराला उसंत देतो. मनाली मार्गावर मात्र सुमारे ४,३०० मीटरवरील सरचू येथे पहिलाच मुक्काम करणे टाळावे.

• तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणे हितकारक.

• पहिल्या दिवसांत मद्य, धूम्रपान आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य कराव्यात. पाणी तहानेप्रमाणे पुरेसे घ्यावे. अतिरेक करू नये.

• डोकेदुखी आणि मळमळ असेल, तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा आजार समजावा. लक्षणे असताना वर जाऊ नये, वाढत असतील तर तत्काळ खाली उतरावे.

• आजारी व्यक्तीला एकटे सोडू नये किंवा खोलीत एकटे झोपवू नये.

सहलीचा एक दिवस वाया जाऊ नये, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची भावना समजण्यासारखी आहे. वर्षभर पैसे साठवून, सुट्या जुळवून हा प्रवास घडतो. पाच दिवसांच्या सहलीतील दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पडून काढणे अनेकांच्या जिवावर येते. मात्र त्या दोन दिवसांत मूत्रपिंडे रक्ताचा तोल सावरीत असतात आणि श्वास नवी लय पकडीत असतो. सहल सुरक्षित करण्याचे काम तेव्हाच चाललेले असते. सहा दिवसांची रजा मिळणार नसेल, तर पॅंगाँगचा बेत पुढच्या वर्षावर टाकावा. सरोवर कोठेही जात नाही.